फळीवरून पाहिलेला चेहरा

ओलं तैलचित्र गच्चीवर वाळत ठेवू नये, आणि ठेवलंच तर जिथे बायकोनं चिकूच्या चकत्या वाळत घातल्यात तिथे तर मुळीच ठेवू नये, एवढी अक्कल चित्रकलेच्या मास्तरला त्रेपन्नाव्या वर्षी असायला हरकत नव्हती. मला ती नव्हती. डहाणूला दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, हे जन्मल्यापासून माहीत असूनही मी चित्र स्टँडवर उभं केलं, कडेला दगड लावला, दगडावर भरवसा ठेवला आणि खाली येऊन पंख्याखाली आडवा झालो.

आवाज झाला तशी बायको पुढे आणि मी मागे, असे आम्ही जिना चढलो. चित्र तोंडावर पडलं होतं. बरोब्बर चकत्यांच्या मधोमध. मी झेप घेऊन चित्र उचललं, आणि इथे माझी दुसरी चूक झाली. आधी चकत्यांकडे बघायला हवं होतं.

चित्रातल्या तरुणीच्या दोन्ही गालांना, कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला चिकू चिकटले होते. तशाही अवस्थेत ती गोड हसत होती.

“चकत्या गेल्या,” बायको म्हणाली. मग चित्राकडे बघून, “ही कोण?”

“कोणी नाही गं. असंच. कल्पनेतली.”

“कल्पनेतली असती तर तुम्ही आधी चकत्या उचलल्या असत्यात.”

चोवीस वर्षांच्या संसारात या बाईसमोर मी किती वेळा खोटं बोलायला गेलो आणि तोंडावर पडलो याचा हिशोब ठेवलेला नाही. ती खाली मांडी घालून बसली, चित्र मांडीवर घेतलं आणि त्या तरुणीच्या गालावरची एकेक चकती नखानं सोडवत म्हणाली, “हं. सांगा.”

मग सांगितलं.

झालं होतं असं. मी तलासरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आयुष्यभर फळांची टोपली, मावळता सूर्य, नारळाचं झाड आणि त्याला टेकलेली होडी, हेच काढत आलोय. एकदा नववीच्या वर्गाला मी विषय दिला, ‘डोळे मिटल्यावर दिसणारा चेहरा’. पोरं कामाला लागली. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, “सर, तुम्ही पण काढा ना.” मी फळ्याकडे वळलो, डोळे मिटले आणि जो चेहरा दिसायला लागला तो बघून घाईघाईनं उघडले. पण त्या दिवसापासून डोक्यात एक खूळ शिरलं. लग्नाआधी ज्यांच्यावर आपला जीव जडला होता त्यांची चित्रं काढायची. मोठी. रंगीत. मोजून तीन होती. तिसरीचं प्रकरण तर तिच्या वडिलांनी मला एक कप चहा पाजून संपवलं होतं. तरी मालिका म्हटली की तीन चित्रं हवीतच, म्हणून तिलाही धरलं.

गच्चीवर पडली ती पहिली. झाईची.

झाई म्हणजे आमच्या किनाऱ्याचं शेवटचं टोक. तिथून पुढे पाऊल टाकलं की गुजरात. चित्रकलेचा डिप्लोमा करत असताना मी सुट्टीत बोटींवर नावं रंगवायला जायचो. पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात ढकलायच्या आत त्यांना रंग लागतो, नाव नव्यानं लिहिलं जातं. तिच्या बापाच्या बोटीचं नाव लांबलचक होतं, कुलदेवी आणि पणजोबा दोघांना मिळून एक. मी ते आणखी लांबवलं. पाऊस आला की काम बंद, ऊन पडलं की रंग सुकायची वाट, आणि दोन्ही नसेल तेव्हा ती चहा घेऊन यायची, म्हणून काम बंद. बोलायचो, हसायचो. एकदा तिनं माझ्या केसातला पिवळा रंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसला होता. झालं, एवढंच. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, मला तलासरीला नोकरी लागली, आणि त्या बोटीवर दुसऱ्याच कोणी तरी एका दिवसात नाव लिहून टाकलं.

हे सगळं ऐकताना बायकोचा हात थांबला होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“झाईची? बापाची बोट, घराजवळ विहीर, धाकटी बहीण बोर्डीला दिलेली?”

“तुला काय माहीत?”

“अहो, ती आमच्या बचत गटांच्या मेळाव्यात माझ्या शेजारी सुक्या मासळीचं टेबल लावते! चार वर्षं आम्ही डबा वाटून खातोय!” तिनं पुन्हा चित्राकडे पाहिलं, मान एकीकडे कलती करून, दुसरीकडे कलती करून. “आणि ही तिच्यासारखी मुळीच दिसत नाही.”

चोरी पकडली गेल्याचं मला काही वाटलं नाही. चित्र जमलं नाही म्हटल्याचा राग आला. “तरुणपणी अशीच होती,” मी म्हणालो.

“विचारू या की,” असं म्हणून तिनं मोबाईलवर चित्राचा फोटो काढला, खाली ‘तुमच्या बोटीवर नाव लिहिणारा पेंटर म्हणजे आमचे हे, त्यांनी तुला काढलंय’ असं लिहिलं आणि मी ‘अगं अगं’ म्हणेपर्यंत पाठवून दिला. कपाळावरची चकती अजून निघायची होती.

उत्तर संध्याकाळी आलं. आधी हसण्याची चित्रं, मग आवाज. तीस वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि तोही बायकोच्या फोनमधून, बायकोला उद्देशून.

“वयनी, बघितला फोटो. हसून हसून पोट दुखलं. ही मी नाय. पण पेंटरला सांगा, आता खरी मी काढून द्या. माझ्या पोरीचं लगीन हाय होळीनंतर, उंबरगावला देतोय. तिला दाखवायला माझा तरणेपणीचा एक फोटो नाय. दर्या घरात शिरला त्या टायमाला पेटीतले सगळे भिजले. सोडवायला गेले तर सगळ्यांची तोंडं सुटून आली, नुसत्या साड्या राहिल्या. पोरगी म्हणते, आई, तू कधी तरणी होतीस का गं? आता बोला, काय दाखवू? तवा मला येवढं न्याहाळून बघितलेला एकच माणूस हाय. येऊ का रविवारी?”

बायकोनं ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती हसत नव्हती.

“हे काम करायचं,” ती म्हणाली. “आणि नीट करायचं. लेक सासरी जायच्या आत.”

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. केसांना, म्हणजे जे आहेत त्यांना, तेल लावलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आरसा झिजेल.” दारात रिक्षा थांबली. एक भरदार बाई आणि तिच्या मागे एक सडपातळ मुलगी उतरली. मी पुढे होऊन, पोट आत ओढून, “या या” म्हणालो. बाईनं पिशवी माझ्या हातात दिली, सुका बोंबील होता हे वासावरून कळलं, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं, “वयनी, मास्तर हायेत ना घरात?”

“हेच ते,” बायको म्हणाली.

“हे?” तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अगो बाय माझे. पेंटर, तुमचे केस कुठं गेले?”

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. पोट आत ओढण्यात आता अर्थ उरला नव्हता. सोडून दिलं.

चहा झाला आणि चित्राची सुनावणी सुरू झाली. चिकू निघाले होते, त्यांच्या जागी गोल खुणा होत्या. मी त्या गणतीत धरू नका म्हणालो.

“हा हनवटीवरचा तीळ कोणाचा?” तिनं विचारलं. “मला नाय तीळ.”

मी बराच वेळ आठवून बघितलं. “तो पालघरचा असेल.”

“पालघरचा?” बायको म्हणाली.

“टायपिंगच्या क्लासला एक होती. मालिकेतली दुसरी.”

“आणि मधोमध भांग?” झाईची म्हणाली. “मी जन्मात मधोमध भांग नाय पाडला.”

“तोही पालघरचाच.”

“म्हणजे झाईची नुसती साडी,” बायकोनं निकाल दिला.

“साडी पण नाय वयनी, मी तवा ड्रेस घालायची.”

आता तिघी हसत होत्या. मीही हसलो, पण आतून पार वरमलो होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, तीन चेहरे मनात जपून ठेवलेत. उघडून बघतो तो पेटीत पाणी शिरलेलं. सगळे एकमेकांना चिकटलेले.

तरी धंद्यातली एक युक्ती होती. मुलगी तिच्या वयाची, तिच्या रक्ताची. तिला खिडकीजवळ बसवलं, कागदावर चौकटी आखल्या आणि समोरून, शाळेत शिकवतो तशी, मापं घेत चेहरा उतरवला. दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा मावेल एवढं अंतर, नाकाच्या सरळ रेषेत कानाची पाळी. मग आई सांगेल तसं बदलायला लागलो. भिवया जाड करा, केल्या. गाल भरा, भरले. कपाळ एवढं मोठं नको, कमी केलं. बायको मागून म्हणाली की आता वरचा ओठ तुमच्या आत्यासारखा दिसतोय, तोही खोडला.

शेवटी तिनं कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “पण ही माझी पोरगी झाली. पोरीचे फोटो मोबाईलमध्ये भरलेत.” कागद तिनं अलगद टेबलावर ठेवला आणि चहाच्या कपबश्या उगीच एकात एक घातल्या. “ऱ्हाऊ दे पेंटर. नसेल आठवत. तीस वरसं झाली. मला तरी माझं तोंड कुठं आठवतं?”

मुलगी म्हणाली, “आई, बस ना अजून. पुढची एसटी आहे.”

“बसून काय होणार?”

मी पेन्सिलीला टोक करत बसलो, टोक चांगलं असताना. माझी चित्रं आजवर कोणी मागून घेतली नव्हती. पहिल्यांदा कोणी मागत होतं, आणि देण्यासारखं माझ्याजवळ काही निघत नव्हतं.

“अहो,” बायको एकदम म्हणाली, “तुम्ही हिला बघायचात कुठून?”

“कुठून म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही उभे कुठे असायचात?”

“फळीवर. बोटीच्या अंगाला दोरानं फळी बांधलेली असते. नाव वर असतं ना, बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ.”

“आणि ही?”

“मी खाली,” झाईची म्हणाली. “बोटीच्या सावलीत. बापाचं जाळं सांधत.”

“मग समोरून काय काढताय?” बायको म्हणाली. “समोरून तुम्ही हिला बघितलंय कधी?”

मी पेन्सिल खाली ठेवली. खरंच होतं. चहा घेताना मी कपात बघायचो, तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. बघायचो तो फक्त वरून, हातात ब्रश असताना, कामाचं निमित्त धरून.

स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याच्यावर चढायला आम्ही एकमेकांना मनाई केलेली आहे. मी छातीशी बोर्ड धरून चढलो. खाली चटईवर ती बसली. हात रिकामे नको म्हणून मुलीनं तिच्या मांडीवर आपली ओढणी टाकली, आणि तिची बोटं आपोआप ओढणीची कड चाचपायला लागली, जाळ्याची चाचपतात तशी. स्टूल बायकोनं धरलं होतं. जगात कोणत्या नवऱ्याला हे भाग्य लाभलंय मला माहीत नाही.

“वर बघ,” मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आलं तसा तिचा एक डोळा, डावा, जरासा बारीक झाला. मग ती म्हणाली, “काय पेंटर, अजून किती अक्षरं ऱ्हायली?”

हेच विचारायची ती. रोज. आणि मी रोज एकच आकडा सांगायचो.

त्यानंतर मला काही आठवावं लागलं नाही. वरून दिसणारं कपाळ, त्याच्यावर वाऱ्यानं आलेली बट, तिरका भांग, बारीक केलेला डोळा, सगळं हातातून उतरत गेलं. मापं नाहीत, चौकटी नाहीत. हसणारं तोंड काढलं. हसताना ती ओढणी तोंडाशी न्यायची, पण हात जाळ्यात अडकलेले असायचे, म्हणून एक क्षण उशीर व्हायचा. त्या एका क्षणात जे दिसायचं ते मी काढलं. वरच्या ओळीत, डाव्या बाजूला, एका दातावर चढून बसलेला दुसरा दात.

कागद खाली दिला. तिनं बघितला. तिचा हात सरळ तोंडाकडे गेला.

“दात!” ती म्हणाली. “माझा दात! तुला तो कसा आठवतो रे?”

तीस वर्षांनी ‘तुला’ आणि ‘रे’. स्टूल हललं. आखूड पायानं हललं की धरणाऱ्या हातानं हलवलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

“कुठला दात?” मुलगी वाकून बघायला लागली.

“होता गो मला. असा वर चढलेला. लगनाची बोलणी निघाली आणि बापानं डहाणूला आणून डाक्टरकडे काढून टाकला. पोरगी दाखवायच्या आधी. तुझ्या बापाला पण ठाऊक नाय.” ती कागदावर बोट फिरवत होती, दाताच्या जागी. “मी इसरली होती गो. मीच इसरली होती.”

मुलगी बराच वेळ आईकडे आणि कागदाकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, “आई, तू तर एकदम वांड दिसतेस!”

“व्हतेच,” आई म्हणाली, आणि खाली बसलेलीच इतकी हसली की बायकोला स्टूल सोडून तिला पाणी आणावं लागलं. मी वर तसाच उभा. उतरायला कोणी हात देईना.

रंग भरता भरता होळी उजाडली. या वेळी चित्र घरातच, पंख्याखाली वाळवलं. बायको येता-जाता बघायची आणि सूचना करायची. बट अजून उडू दे. ड्रेस निळा हवा, मी विचारून घेतलंय. मालिकेतली उरलेली दोन चित्रं मी काढली नाहीत. ज्यांचा तीळ कुठे होता हेही मला धड सांगता येत नाही, त्यांना रंगवण्यात काय मतलब!

लग्नाला आम्ही दोघं स्कूटरवरून झाईला गेलो. चित्र मांडवात, मुलीच्या खुर्चीशेजारी, फुलांच्या माळेशिवाय ठेवलं होतं. माळ घालायला कोणी तरी निघालं होतं, तेव्हा तिनंच ओरडून थांबवलं, “अजून जिती हाय मी!” म्हाताऱ्या बायका येऊन चित्रापुढे उभ्या राहायच्या, डोळे बारीक करायच्या आणि मग एकदम, “अगो, ही तर तीच! ह्या दातानं मला चावली होती लहानपणी.” उंबरगावहून आलेली वऱ्हाडी मंडळी गुजरातीत विचारत होती, आ कोण छे, आणि नवरी प्रत्येकाला अभिमानानं सांगत होती, “माझी आई. माझ्या वयाची.”

तिचा नवरा, म्हणजे वधूपिता, दर्यावर राबून काळा कुळकुळीत झालेला अबोल माणूस. मी त्याच्यापासून चार हात लांबच होतो. गर्दी जरा ओसरली तसा तो चित्रासमोर आला. वाकून बघितलं. चित्राकडून आपल्या बायकोकडे, तिच्याकडून चित्राकडे.

“हा दात कुठं गेला?” त्यानं विचारलं.

“काढला बापानं. तुम्हाला पसंत नाय पडायचा म्हणून.”

त्यानं त्या दाताकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाला, “चांगला होता की,” आणि पंगतीचं बघायला निघून गेला.

ती तिथेच उभी राहिली. आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले, मग आमच्या पानात आणखी वाढायला कोणाला तरी हाक मारली.

पाठवणी झाली. चित्र जुन्या साडीत गुंडाळून नवरीबरोबर गाडीत गेलं, तिच्या मांडीवर. आम्ही परतीला लागलो. उन्हं कलली होती. बोर्डी मागे पडलं तरी बायको मागच्या सीटवर गप्प होती. ही गप्प बसली की मला स्कूटरचे नसलेले आवाज ऐकू यायला लागतात.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. तिला एक दात तरी होता, लक्षात राहायला.” मग पदर सावरत म्हणाली, “माझं सगळं सरळसोट. उद्या मला काढायला बसलात तर काय काढाल? आणि मला कुठून बघता तुम्ही? मी तर तुमच्या मागेच बसलेली असते.”

याला उत्तर तोंडी देऊन भागणार नव्हतं. मी मान वळवून तिच्याकडे बघायला लागलो, नीट, मन लावून, तर तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून पुन्हा रस्त्याकडे फिरवलं.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “समोर एसटी आहे. घरी गेल्यावर बघा.”